कॅस्केडच्या ज्वालामुखींभोवती मोटरहोमने

नमस्कार श्रोतेहो!

अमेरिकेच्या पश्चिमेला, उत्तर कॅलिफोर्नियापासून पार कॅनडापर्यंत ज्वालामुखींची एक रांग आहे, कॅस्केड पर्वतरांग. किनाऱ्याजवळ समुद्राचा तळ खंडाखाली घुसतो. त्यातून सुटलेल्या पाण्यामुळे वरचा तप्त खडक एरवीपेक्षा कमी तापमानाला वितळतो आणि वाट काढत वर येतो.

ही रांग पाहायला मोटरहोमइतकं, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीइतकं, सोयीचं वाहन नाही. मुक्काम डोंगराच्या कुशीत, त्यामुळे उजाडायच्या आत तुम्ही पायवाटेच्या तोंडाशी हजर. मात्र गाडी तिथेच सोडायची. खिडकीतून दिसतो तो नुसता देखावा. ज्वालामुखी कळतो तो तळपायांना.

दक्षिणेकडून निघालात तर आधी कॅलिफोर्नियातलं लासन हे ज्वालामुखी उद्यान. तिथला सिंडर कोन म्हणजे जेमतेम 200 मीटर उंचीचा, काळ्या सच्छिद्र खड्यांचा ढीग. दिसायला किरकोळ, पण चढताना दम काढतो. पाऊल टाकलं की खडी करकरत खाली घसरते आणि अर्धं पाऊल वाया जातं. बुटांत खडे शिरतात ते वेगळंच. उतार एवढा तीव्र का, ते इथे कोणी समजावून सांगावं लागत नाही. हवेत उडालेले खडे मुखाभोवती पडत गेले आणि जेवढ्या उतारावर टिकतील तेवढ्यावर थांबले.

याच उद्यानातल्या बंपास हेलमध्ये मात्र फळ्यांची वाट सोडू नका. गंधकाचा वास, रटरटणारा चिखल, आणि वरून घट्ट वाटणारी जमीन खाली पोकळ. बंपास नावाच्या गृहस्थाचा पाय एकोणिसाव्या शतकात तिथेच उकळत्या चिखलात गेला. पुढे तो कापावा लागला.

उत्तरेला ओरेगनमध्ये क्रेटर लेक. सुमारे 7,700 वर्षांपूर्वी माझामा पर्वताच्या पोटातला लाव्हारस उफाळून बाहेर पडला आणि आधार गेलेला माथा आत कोसळला. त्या खड्ड्यात पावसाचं आणि बर्फाचं पाणी साठलं, 594 मीटर खोल. काठाच्या पूर्वेकडचा रस्ता अरुंद आहे, लांबलचक गाडी तिकडे घालू नका. आणि हो, घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा, निघण्याआधी कपाटांच्या कड्या लावा. नाहीतर पहिल्याच वळणावर ताटवाट्या जमिनीवर!

वॉशिंग्टन राज्यातल्या सेंट हेलेन्ससाठी वेळ राखून ठेवा. 18 मे 1980 ला सकाळी भूकंपाच्या धक्क्याने त्याची उत्तर बाजू ढासळली आणि स्फोट आडवा झाला. 57 माणसं गेली. 2,950 मीटरचा डोंगर 2,549 मीटरवर आला. मोडून पडलेल्या झाडांचे ओंडके स्पिरिट लेकवर अजूनही तरंगतात, वारा बदलला की या काठाहून त्या काठाला जातात.

मला तिथे सगळ्यात मोलाची वाटते ती गोफरची गोष्ट. बिळात राहणारा हा उंदरासारखा प्राणी स्फोटातून जमिनीखाली वाचला आणि पुढे बिळं उकरताना राखेखालची जुनी माती वर आणत राहिला. त्या मातीत बी रुजायला मदत झाली. वाटेवर ठिकठिकाणी हे मातीचे उंचवटे दिसतात, त्यांवर पाय देऊ नका. माथ्यावर जायचं असेल तर परवाना आधीच काढा, आणि राखेच्या धुळीसाठी तोंडावर बांधायला रुमाल जवळ असू द्या.