बनगावच्या रांगेत निफाडचा कांदा

श्रोतेहो, नमस्कार.

विकसनशील देशांनी आपापसातला व्यापार वाढवावा, असं गेली कित्येक वर्षं प्रत्येक परिषदेत म्हटलं जातं. तो वाढत का नाही, हे मला समजलं ते एका बारा टायरच्या ट्रकमुळे. ट्रक माझ्या आतेभावाचा. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. निफाड तालुक्यातले.

गोष्ट सप्टेंबर २०२० ची. पिंपळगावच्या एका व्यापाऱ्याचा उन्हाळ कांदा भरून अण्णा बांगलादेशच्या वाटेला लागले. नागपूर, रायपूर, संबलपूर, खरगपूर करत कोलकाता, आणि तिथून जेसोर रोड. त्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी जुनी, अवाढव्य शिरीषाची झाडं आहेत. फांद्या वर एकमेकींत गुंतलेल्या. अण्णा म्हणतात, दिवसाही तिथं गाडीचे दिवे लावावेसे वाटतात. शेवटी बनगाव. त्याच्या पुढे पेत्रापोल, म्हणजे सीमेवरचं आपलं फाटक, आणि फाटकापलीकडे बेनापोल, म्हणजे बांगलादेश. रांग लावायची ती बनगावात.

आता उन्हाळ कांदा म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. एप्रिलच्या सुमाराला काढलेला, चार-पाच महिने कांदा साठवायच्या चाळीत वारा खात पडलेला. वारा लागतो तोवर तो टिकतो. जाता जाता सांगतो, चाळ बांधताना खालून हवा खेळायला भरपूर जागा सोडा. पैसे वाचवायचेच असतील तर दुसरीकडे वाचवा, तिथं नको. माझ्या वडिलांनी एका वर्षी तिथं वाचवले आणि दिवाळीला आमच्या घरात कोंब आलेला कांदा होता. तर, चाळीतला कांदा टिकतो. गोणीत भरून ताडपत्रीखाली गेला, की मात्र दिवस मोजावे लागतात.

सोमवार, १४ सप्टेंबर. अण्णांचा नंबर जवळ आला होता. गाडी पलीकडे न्यायची, बेनापोलला माल खाली करायचा, तिकडच्या गाडीत भरून द्यायचा आणि परत फिरायचं. त्या दिवशी रांग हललीच नाही. मग कुणाच्या तरी मोबाइलवर बातमी आली. कांद्याची निर्यात बंद. आजपासून, लगेच. जो माल रस्त्यात आहे त्याचं काय, ते रांगेतल्या कुणालाच माहीत नव्हतं.

त्यात भादव्याचा पाऊस. ताडपत्री काढावी तर कांदा भिजतो, झाकून ठेवावी तर घाम धरतो. अण्णा आणि त्यांचा क्लीनर, दोघं पाऊस थांबला की एक बाजू वर करायचे, सर आली की ओढून घ्यायचे. रात्री-अपरात्री हेच. अण्णा सांगतात, "गोण्यांच्या फटीत कोपरापर्यंत हात घालून बघायचो. आत ऊब लागली, की समजायचं."

तिसऱ्या दिवशी ऊब लागली. पाचव्या दिवशी खालच्या थरातून पाणी गळायला लागलं. चिकट, पिवळट पाणी. फाळक्यावरून चाकावर, चाकावरून रस्त्यावर. मागेपुढे सगळ्याच गाड्यांची तीच गत.

तिथल्या एजंटनं एकदा अण्णांच्या हातात फोन दिला. हा माल ज्यानं विकत घेतला होता तो बांगलादेशातला व्यापारी बोलत होता. त्यानं आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाला, "भाई, पैसे तो हम भर चुके थे. बंद करना था, तो दो दिन पहले बता देते."

अण्णांकडे उत्तर नव्हतं. आजही ते सांगताना इथं थांबतात. म्हणतात, "फाटकाच्या तिकडं त्याची माणसं रिकाम्या गाड्या घेऊन उभी, इकडं मी भरलेली घेऊन उभा. आणि मधे कांदा सडतोय."

चार-पाच दिवसांनी २५ हजार टनांची सवलत जाहीर झाली. काही गाड्या पलीकडे गेल्या, पण त्यातलाही बराच माल फेकावा लागला. अण्णांची गाडी त्या यादीत बसली नाही. ते कोलकात्याकडे फिरले, रस्त्याच्या कडेला गोण्या फोडून माल निवडला आणि निम्म्याहून थोडा जास्त मिळेल त्या भावानं विकला. घरी आले तेव्हा अंगाचा वास आठवडाभर गेला नाही, असं आमची वहिनी सांगते.

श्रोतेहो, त्या व्यापाऱ्याचं वाक्य लक्षात ठेवा. दोन दिवस आधी सांगा. आदल्याच वर्षी, सप्टेंबर २०१९ मध्ये, अशीच अचानक बंदी आली होती. तेव्हा बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. मी स्वयंपाक्याला जेवणात कांदा घालू नको म्हणून सांगितलंय, असं त्या हसत म्हणाल्या आणि पुढं हेच मागणं केलं, की आधी कळवा, म्हणजे आम्ही दुसरीकडे सोय बघू. हसून म्हणाल्या, पण नोव्हेंबरात ढाक्यात कांदा किलोला तिकडच्या चलनात २०० टाकांच्या वर गेला आणि विमानानं आणावा लागला. पंतप्रधानांनी मागितलं तेच, आणि वर्षभरानं फोनवरच्या व्यापाऱ्यानं मागितलं तेच. दोन दिवस आधी सांगा.

करार नाही असं नाही. सार्क ही दक्षिण आशियातल्या देशांची संघटना १९८५ ची. तिचा मुक्त व्यापार करार, साफ्टा, २००४ मध्ये इस्लामाबादला झाला, २००६ पासून लागू झाला. तरी दक्षिण आशियातल्या देशांचा आपापसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या पाच टक्क्यांच्या आसपासच राहिला. आग्नेय आशियात हाच आकडा वीस टक्क्यांच्या वर आहे. जकात हा त्यातला एक भाग. दुसरा भाग म्हणजे फाटक. जागतिक बँकेनं २०२१ मध्ये हिशेब मांडला, पेत्रापोल-बेनापोल ओलांडायला १३८ तास. त्यातले २८ तास नुसते या गाडीतून त्या गाडीत माल टाकायला. तेवढीच वर्दळ असलेल्या पूर्व आफ्रिकेतल्या सीमांवर सहा तासही लागत नाहीत. ते देशही आपल्यासारखेच, श्रीमंत नाहीत. केनिया आणि युगांडानं दोन्हीकडची कागदपत्रं एकाच ठाण्यावर तपासायची सोय केली.

आणि तिसरा भाग, जो करारात लिहिता येत नाही, तो भरवशाचा. शहरात भाव वाढले की बंदी घालावीशी वाटते, हे मला समजतं. मीही बाजारातून पिशवी घेऊन येतो. पण डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा बंदी आली, ती मे २०२४ पर्यंत राहिली. दर वेळी शेतकऱ्याचा भाव पडतो आणि दर वेळी शेजारी दुसरं दुकान शोधतो. बांगलादेशनं तुर्कस्तान, इजिप्त, म्यानमारचा कांदा घेऊन पाहिला. २०२३ च्या मार्चमध्ये त्यांनी स्वतःच आयातीचे परवाने थांबवले, आपल्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून. आणि पावसाळी कांदा वाढवायला तिथल्या सरकारनं शेतकऱ्यांना बियाणं वाटलं. वाण कुठला? एन-५३. तो आपल्याच नाशिक भागातला.

हे मी अण्णांना सांगितलं. ते ओट्यावर बसले होते, बराच वेळ गप्प राहिले. मग विचारलं, "तिकडच्या पावसात टिकतो का तो?"