शुक्रवारची मिस

नमस्कार मंडळी. आपल्या गोव्यात कोणी परदेशी गेलं की आपण काय विचारतो? पगार किती, व्हिसा कोणी काढून दिला, सुट्टी कधी. तारवटी बोटीवरून घरी आला की आधी बॅगेत काय ते बघायचं. तिकडे प्रार्थनेचं कसं रे, हे काही कोणी विचारत नाही, आणि मला तर वाटतं की सांगण्यासारखं खरं तिथेच असतं.

मी दुबईत नोकरीला होतो तेव्हा तिथे सुट्टी शुक्रवारी, रविवारी कामावर हजर. २०२२ पासून शनिवार-रविवार झाली ती नंतरची गोष्ट. म्हणजे रविवारची मिस, चर्चमधली सामूहिक प्रार्थना हो, शुक्रवारीच. लहानपणी आईने कान धरून दर रविवारी चर्चमध्ये नेलेल्या माणसाला हे पचायला जरा जडच. पण सेंट मेरीज चर्चच्या आवारात पाय ठेवला की, १९६७ सालचं हे चर्च, जमीन दिलीय तिथल्या मुसलमान राज्यकर्त्याने, तर तिथे मल्याळी मिस सुटतेय, टागालोगवाले, म्हणजे फिलिपिनो, दाराशी ताटकळत उभे, आपले कोंकणीवाले सावली शोधतायत. एक जण हॉटेलच्या युनिफॉर्ममध्येच कम्युनियनच्या, म्हणजे प्रसादाच्या, रांगेत, छातीवर नावाचा बिल्ला तसाच, त्याच्या मागे मोठ्या कंपनीतला इंजिनियर, आणि तू कुठल्या वाड्यावरचा, कोणाचा, असं विचारणारा कोणी नाही. आणि आपल्याकडे? येशू सगळ्यांचा म्हणायचं आणि फेस्त, म्हणजे चर्चचा सण, कुठल्या कॉन्फ्रारियाने, म्हणजे चर्चच्या मंडळाने, करायचं, त्यात कोणाला घ्यायचं यावर काही गावांत अजून वाद! मला तर लाज वाटते बुवा.

आता आपले बरेच लोक टूरने जेरुसलेमला जातात, फोटो काढतात, येतात. येशूच्या कबरीच्या त्या चर्चमध्ये सहा पंथांचा वाटा, आणि दर्शनी खिडकीखालची एक साधी लाकडी शिडी अठराव्या शतकापासून तिथेच, कारण कोणी हलवायची यावर एकमत नाही, अगदी आपल्या सामायिक घराच्या वाटणीसारखं. दाराची चावी मात्र पिढ्यान्‌पिढ्या मुसलमान घराण्याकडे. आणि वर गच्चीवर कोण राहतं, तर इथिओपियाचे साधू! त्यांचं बघाच. देवळात जातो तशा चपला बाहेर काढायच्या, अंगावर पांढरं वस्त्र, भक्ती करताना मोठाले ढोल. आपल्यातल्या काहींना ढोल दिसला की हे आपलं नव्हे असं वाटतं ना? अहो, त्यांच्याकडे ख्रिस्ती धर्म चौथ्या शतकात रुजला, इथे पोर्तुगीज आले १५१० मध्ये. म्हणजे सूट, नवरीच्या डोक्यावरची जाळी आणि व्हायोलिन म्हणजेच ख्रिस्ती, हे आपल्या डोक्यात बसलेलं आहे एवढंच.

तसं बघायला गेलं तर आपल्या बाणावलीच्या सांत जुझे वाझनी हे केव्हाच पाहिलं होतं. १६८७ मध्ये ते सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, गेले, अंगावर मजुराचा वेश, कारण तिथल्या प्रोटेस्टंट डच राज्यात कॅथलिक पाद्रींना बंदी. म्हणजे लपायचं ते ख्रिस्ती लोकांपासूनच, आणि आसरा मिळाला कँडीच्या बौद्ध राजाकडे! राजाने आधी हेर समजून तुरुंगात टाकलं, पण पुढे मोकळेपणी काम करू दिलं. १७११ मध्ये ते तिथेच वारले, आणि २०१५ मध्ये पोपनी त्यांना संतपद दिलं तेही कोलंबोत.

आता विमानात बसलं की मन आपोआप मोठं होतं असं नाही हां. वर्षानुवर्षं गल्फमध्ये राहून गावच्या युनियनचा डान्स, सोरपोतेलचं मटण आणि कोंकणी तियात्र नाटक यापलीकडे न गेलेले ढीगभर माहीत आहेत मला. तर जाणार असाल तर एकदा तरी दुसऱ्यांच्या मिसला बसा, भाषा कळली नाही तरी बसा. फिलिपिनो लोकांची सिंबांग गाबी, म्हणजे नाताळाआधीच्या मिसा, १६ डिसेंबरला सुरू होते, ९ दिवस, आणि आपली ओल्ड गोव्याची नोव्हेना, म्हणजे फेस्ताआधीची प्रार्थना, २४ नोव्हेंबरला, तीही ९ दिवसांचीच, तेव्हा मिस सुटल्यावर आवारात गप्पांना विषय आयताच मिळेल.