सिटी सेव्हन्टीनच्या भिंती

आगगाडी थांबते आणि खेळाडू फलाटावर उतरतो. २००४ साली आलेल्या ‘हाफ-लाइफ २’ या व्हिडिओ गेमची ही सुरुवात आहे. स्टेशनाबाहेर पाऊल टाकताच प्रशस्त चौक लागतो: एके काळी डौलदार असलेल्या, आता गिलाव्याचे पोपडे निघालेल्या इमारती, मधोमध राज्यकर्त्याचे भाषण दाखवणारा भला मोठा पडदा आणि या सगळ्यामागे ढगांत शिरलेला काळ्या धातूचा मनोरा. या शहराला धड नावही नाही, नुसता क्रमांक आहे, सिटी सेव्हन्टीन. इथे राज्य परक्यांचे आहे, हे कोणी सांगण्याआधीच आपल्याला कळून चुकते.

या शहराला रूप देणारे कला-दिग्दर्शक व्हिक्टर अँटोनोव्ह यांचा जन्म १९७२ सालचा, बल्गेरियाची राजधानी सोफिया येथला. सिटी सेव्हन्टीन घडवताना त्यांनी सोफियाबरोबरच बेलग्रेड आणि सेंट पीटर्सबर्ग या शहरांचाही आधार घेतला. सोफियात जुन्या राजवटीतल्या देखण्या वास्तू आणि समाजवादी काळात उभ्या राहिलेल्या काँक्रीटच्या वसाहती एकाच शहरात नांदतात. एका सत्तेवर दुसरीने चढवलेले हे थर ज्याने लहानपणापासून पाहिले, त्यालाच परग्रहावरून आलेल्या सत्तेचा तिसरा थर इतक्या खात्रीने चढवता आला, असे मला मनापासून वाटते. या तिसऱ्या थराचा काळपट निळसर, कोनदार धातू जुन्या वस्तीशी जुळवून घेत नाही. तो रस्ते अडवतो आणि भिंती चिरून आत घुसतो.

असे संकल्पचित्र, म्हणजे जागा कशी दिसेल हे आधी ठरवणारे चित्र, एकदा पक्के झाले, की त्रिमितीय प्रतिकृती घडवणाऱ्यांपासून प्रकाशयोजना करणाऱ्यांपर्यंत अनेकांच्या कामाला त्यातून दिशा मिळते. त्या मनोऱ्याचेच पाहा. तो शहराच्या डोक्यावर सतत उभा असतो, त्यामुळे गल्लीबोळांत चुकलेल्या खेळाडूला दिशा सापडते, आणि जिथून दहशत पसरते तिथेच आपला प्रवास संपणार, हेही मनात रुजत जाते. याच शहरात इमारतींच्या मध्ये मुलांसाठी केलेली खेळायची जागा आहे. खेळणी आहेत, पण मूल एकही नाही, कारण नव्या सत्तेने माणसांचे प्रजननच थांबवले आहे. ती मोकळी जागा पाहून माझ्या पोटात आजही कालवते.

पुढे २०१२ साली आलेल्या ‘डिसऑनर्ड’ या गेमसाठी अँटोनोव्ह यांनी कला-दिग्दर्शक सेबास्टियन मितों यांच्यासोबत डनवॉल हे शहर साकारले. लंडन आणि एडिंबरा यांच्या छायेतले हे बंदर साथीच्या रोगाने पोखरलेले आहे आणि त्याची यंत्रे देवमाशाच्या तेलावर चालतात. इथले ‘टॉलबॉय’ नावाचे पहारेकरी धातूच्या उंचच उंच पायांवर चालत गस्त घालतात. गरीब वस्तीतली माणसे रस्त्यावर मरत असताना सत्ता त्यांच्या डोक्यावरून ढांगा टाकत जाते. वर्गभेदाचे इतके नेमके चित्र मी फार थोड्या खेळांत पाहिले आहे. मात्र या पहारेकऱ्याच्या पाठीवर तेलाची टाकी असते. तिच्यावर नेम धरून मारा केला, की स्फोट होतो आणि तो उंच देह त्याच रस्त्यावर कोसळतो.