पायाशी कोण आहे?

मंडळी, पुतळा वाचायचा तर आधी चेहरे सोडा आणि उंची बघा. कुणाचं डोकं कुणाच्या गुडघ्याशी येतं, तिथून सुरुवात करायची.

सॅन फ्रान्सिस्कोच्या सिव्हिक सेंटरमधलं पायोनियर मॉन्युमेंट घ्या. जेम्स लिक या धनिकाने मृत्युपत्रात ठेवलेल्या एक लाख डॉलरमधून ते १८९४ साली उभं राहिलं. शिल्पकार फ्रँक हॅपर्सबर्गर. मध्ये उंचावर कॅलिफोर्नियाचं प्रतीक असलेली स्त्री, भोवती चार चौथरे. त्यांतल्या एकावर ‘अर्ली डेज’ हा ब्राँझचा समूह होता. त्यात एक विजयी मुद्रेतला व्हाकेरो, म्हणजे स्पॅनिश राजवटीतला घोडेस्वार गुराखी. दुसरा आकाशाकडे बोट दाखवणारा फ्रान्सिस्कन, म्हणजे एका कॅथलिक संघाचा, पाद्री. तिसरा त्या पाद्र्याच्या पायाशी रेललेला आदिवासी. दोघे वर, एक खाली. बरं, या खालच्याचा वेषही इथला नाही. या भूमीवरचे मूळ लोक ओलोनी. पुतळ्याला चढवला तो दूरच्या मैदानी प्रदेशातल्या आदिवासींचा ठोकळेबाज वेष. म्हणजे ज्याला पायाशी घातलं, तो नेमका कोण हेही कुणी विचारलं नव्हतं.

नव्या ग्रंथालयासाठी १९९३ मध्ये स्मारक थोडं हलवलं गेलं. तेव्हा आदिवासींनी आक्षेप घेतला आणि १९९६ मध्ये तोडगा निघाला तो माहितीच्या पाटीचा. मिशनऱ्यांच्या काळात किती आदिवासी मेले, हे पाटीच्या मसुद्यात होतं. त्यावर कॅथलिक चर्च आणि स्पेनच्या वकिलातीकडून हरकत आली, आणि मजकूर सौम्य झाला. पाटीचा उपाय फसतो तो इथेच. पुतळा रस्त्यापलीकडूनही दिसतो, पाटी मात्र वाकून वाचावी लागते. शिवाय पुतळ्याची मुद्रा एकाच माणसाने ठरवलेली असते, पाटीतला प्रत्येक शब्द वाटाघाटीतून जातो. वाटाघाटीत सगळ्यात आधी कापलं जातं ते क्रियापद: ‘मारले’चं ‘मृत्यू पावले’ व्हायला एक बैठक पुरते!

२०१७ मध्ये अमेरिकेतल्या शार्लट्सव्हिल शहरात एक पुतळा हटवण्याच्या वादातून हिंसाचार झाला. त्यानंतर ‘अर्ली डेज’ काढून टाकायची मागणी पुन्हा जोर धरू लागली. पण जागा संरक्षित वारसा परिसरात. नुसता शहराच्या कला आयोगाचा ठराव चालत नाही. वारसा जतन आयोगाचाही परवाना लागतो. तो मिळाला, आणि मार्च २०१८ मध्ये कला आयोगाने एकमताने पुतळा काढायचं ठरवलं. एप्रिलमध्ये अपील मंडळाने तो परवानाच उलटवला. मग फेरसुनावणी झाली आणि १२ सप्टेंबरला त्याच मंडळाने आपला निर्णय फिरवला. १४ तारखेच्या पहाटे क्रेनने समूह उचलला. दोनच दिवसांत! नव्या अपिलाला उसंत नको, हा हिशेब त्यात असावा असं मला वाटतं.

काढला तो फक्त हा एक समूह. मधली स्त्री आणि बाकीचे चौथरे आहेत तिथेच राहिले. पुढच्या वर्षी, २०१९ मध्ये, शहराच्या कला आयोगाने आदिवासींना बोलावून त्याच रिकाम्या चौथऱ्यावर त्यांची छायाचित्रं काढली.