धुराड्याचा हिशेब

[दृश्य: आठ थंड पडलेले कूलिंग टॉवर]

३० सप्टेंबर २०२४. नॉटिंगहॅमशरमधलं रॅटक्लिफ-ऑन-सोअर वीजकेंद्र बंद झालं आणि ब्रिटनमधली कोळशाची वीज संपली. २०१२ साली देशातली सुमारे ४० टक्के वीज कोळशावर होत होती.

एप्रिल २०१३ पासून ब्रिटनने वीजकेंद्रांच्या इंधनावर, युरोपीय कार्बन-परवान्यांच्या बाजारातल्या दराच्या वर, स्वतःचा कार्बन अधिभार बसवला. एप्रिल २०१५ मध्ये तो कार्बन डायऑक्साइडच्या टनाला १८ पौंडांवर गेला. कोळशावर एक मेगावॉट-तास वीज करताना साधारण ०.९ टन कार्बन डायऑक्साइड निघतो, गॅसवर ०.४ टनाच्या आसपास. म्हणजे नुसत्या अधिभारापोटी कोळशाला १६ पौंड, गॅसला ७. या नऊ पौंडांनी कोळशाला मागे ढकललं.

कोळशाबरोबर गंधकाचा धूर आणि पाराही गेला, आणि तोही फुकटात, कारण अधिभार त्यांच्यावर नव्हताच. सगळं श्रेय मात्र त्याला देऊ नये. गंधकावरच्या युरोपीय नियमांमुळे बरीच जुनी केंद्रं २०१५ पर्यंत तशीही मोडीत निघणार होती.

[दृश्य: जिप्समचा ढीग]

धुरातला गंधक पकडायला चुनखडीची पातळ रबडी फवारतात. त्यातून जिप्सम मिळतो आणि तो प्लास्टरबोर्डच्या कारखान्यात जातो. राख काँक्रीटमध्ये सिमेंटची जागा घेते. केंद्रं बंद पडली तशी ही दोन्ही आवक आटली. आता जिप्समसाठी पुन्हा खाण किंवा जहाज, आणि राखेच्या जागी सिमेंट वापरलं तर त्याची भट्टी कार्बन सोडतेच.

[दृश्य: पेलेट भरलेली मालगाडी]

खरी मेख यॉर्कशरच्या ड्रॅक्स केंद्रात आहे. त्याच्या सहापैकी चार संचांत कोळशाऐवजी लाकडाचे पेलेट, म्हणजे लाकडाची भुकटी दाबून केलेल्या छोट्या कांड्या, जळू लागले, त्यातले बरेचसे अमेरिकेच्या आग्नेय भागातून आलेले. धुराड्याच्या तोंडाशी मोजलं तर तेवढ्याच विजेमागे लाकूड कोळशापेक्षा कमी कार्बन सोडत नाही. पण नियमात लाकडाचा आकडा शून्य, म्हणून अधिभारही शून्य. झाडतोडीचा कार्बन मोजायचा तो झाड जिथे पडलं त्या देशाच्या जमिनीच्या खात्यात.

तिकडे पेलेटच्या कारखान्यात निम्मं पाणी असलेलं ओलं लाकूड दहा टक्क्यांखाली वाळवतात. वाफेबरोबर सेंद्रिय वायू निघतात, दळताना बारीक भुकटी उडते, आणि ती शेजारच्या वस्तीवर बसते. गिरणीचा भुसा वापरला तर जंगलाला फारसा धक्का नाही. उभं झाड वापरलं, तर तेवढा कार्बन परत मुरायला काही दशकं लागतात.

पेलेट हातात घेऊन पाहिला, तर तो भुशाचा की झाडाचा, हे कळत नाही.