सुती दोऱ्यावरचा पतंग

(दृश्य : गुहागरचा किनारा, दुपार, ओहोटी)

जानेवारी. संक्रांत तोंडावर आलीय. सकाळी इथे मतलई वारा होता, जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा. त्यावर पतंग चढवला असता तर तो लाटांवर गेला असता, आणि भिजलेला कागद काय कामाचा? दुपारी वारा फिरतो. आता खारा वारा सुटलाय, समुद्राकडून जमिनीकडे येणारा. ओहोटीने ओली, घट्ट वाळू मोकळी केलीय. मामा भाचीला पतंग उडवायला शिकवतायत. ती पाण्याच्या कडेला, समुद्राकडे पाठ करून उभी आहे. समोर सुरूचं बन. झाडांजवळ वारा घोटाळतो, म्हणून मामा तिला आणखी मागे सरकायला सांगतायत.

(दृश्य : हात, कामट्या, कन्नी)

उभी कामटी तो कणा, वाकवलेली आडवी ती कमान. दोन्ही छेदतात तिथे भोकं, खाली कण्याच्या टोकाकडे भोकं, त्यांतून दोरा ओवून बांधला ती कन्नी. पतंग नीट उडणार की नाही, ते इथेच ठरतं. वारा बेताचा असला तर कन्नीचे दोन्ही दोरे सारखे. आज वारा जोरकस, म्हणून मामांनी खालचा बोटभर लांब ठेवला. पतंग पुढे झुकतो, हाताला ओढ कमी लागते. आणि ही कागदाची शेपटी. आपला चौकोनी पतंग चपळ, क्षणात गिरकी घेतो. शेपटीने जरा स्थिरावतो.

(दृश्य : काडेपेटी, दोऱ्याची दोन टोकं)

हे नीट बघा. पहिल्या दोऱ्याला काडी लावली. कागदासारखा जळला, राख बोटांत चुरली. हा सुती. दुसरा वितळला, टोकाला कडक मणी झाला. हा नायलॉन. दोरा घेताना एवढी परीक्षा करायचीच. नुसता उडवायला शिकायचंय, काटाकाटी नाही, मग मांजा हवा कशाला? नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली. तुटून पडलेला नायलॉन कुजत नाही. हिवाळ्यात इथे कुरव पक्षी उतरतात, याच वाळूत कासवं अंडी घालायला चढतात, ती त्यात अडकू शकतात.

(दृश्य : पतंग सुटतो)

पळायचं नाही. मामा वारा वाहतो त्या दिशेने, जमिनीकडे, वीस-पंचवीस पावलं गेले, पतंग डोक्यावर उभा धरला, सोडला.

"ओढ गो, ओढ!"

पतंगाचं टोक वर असेल तर ओढायचं. खाली वळलं तर हात सैल सोडायचा. घाबरून ओढला की टोक जिकडे, तिकडेच पतंग जातो, म्हणजे सरळ वाळूत. नवशिक्याला हे उलटं वाटतं, पण सगळी खुबी यातच आहे. बघा, टोक वळलं... सैल... फिरतोय... वर आलं. आता ओढ!

चढला.

आता ढील. दोरा ताणला की थोडा सोडायचा, पुन्हा थांबायचं.

(दृश्य : फिरकी, धाकटा भाऊ)

उतरवताना सगळा दोरा फिरकीवर, तुटलेले तुकडे खिशात. धाकटा केव्हाचा फिरकी धरून उभा आहे. त्याच्या हाती पतंग देण्याआधी मामा शेपटीला आणखी दोन पट्ट्या जोडतायत.