जुन्या मालिका बघताना बोलणाऱ्याकडे नको, ऐकणाऱ्याकडे बघा

नमस्कार मंडळी! सध्या जुन्या दूरदर्शन मालिकांच्या क्लिप सगळीकडे फिरतायत आणि माझ्याकडे सारखी एकच कमेंट येतेय, ‘दादा, त्या छोट्या भूमिकांमध्ये एवढं काय बघायचं?’ चला, आज तेच बोलू.

इतिहास भरभर उरकतो. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. १९८२ ला रंग आला. १९८४ ला ‘ये जो है जिंदगी’, १९८६ ला ‘नुक्कड’. झालं.

आता मुद्दा. जो बोलत नाहीये, त्याच्याकडे बघा.

‘चिमणराव’ घ्या. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. चिमणराव बोलायला लागले की आपली नजर तिकडेच जाते. तिथून ती मुद्दाम काढा आणि गुंड्याभाऊवर ठेवा. कर्वे रंगभूमीवरचे. तिथे कट नसतो, दुसऱ्याच्या वाक्यावर आपण कसं उभं राहायचं हे अंगात मुरावं लागतं.

जमत नाहीये? मग आवाज बंद करा. ‘नुक्कड’मधला गर्दीचा एखादा प्रसंग लावा. कादरभाई अवतार गिल, गणपत हवालदार अजय वढावकर, खोपडी समीर खक्कर. खोपडी दारुडा. कच्चा नट दारुडा करताना नुसत्या झोकांड्या खातो. खक्कर बघा, त्यांचा खोपडी तोल सावरायला धडपडतोय. दारू त्या धडपडीत दिसते! संवाद ऐकू येत नसतानाही माणूस कळतो की नाही सांगा.

तरीही नाही? ‘ये जो है जिंदगी’चे दोन भाग लागोपाठ बघा. शफी इनामदार, स्वरूप संपत तेच, पण सतीश शाह दर भागात नवा माणूस. आता त्यांना प्रसंगातून मनातल्या मनात वजा करा. बाकीचे हसणार कशावर, वैतागणार कोणावर? तिन्ही वेळा मी एकच सांगतोय, कळतंय ना? प्रसंग ऐकणारा उभा करतो.

आणि कृपा करून ‘साइड अ‍ॅक्टर’ म्हणू नका. ‘दादा, तो साइडवाला भारी होता’ अशा कमेंट येतात. अरे, त्याला नाव आहे! पण नाव कळणार कुठून? क्लिप टाकणारे शेवटच्या पाट्याच कापून टाकतात. याचा मला खरंच राग येतो. गिरगावात आमच्या घरी पाट्या संपेपर्यंत टीव्हीला हात लावायची मुभा नव्हती. आई एकेक नाव मोठ्यानं वाचायची. तिच्यामुळे मला हवालदाराच्या आधी वढावकर माहीत होते.

तर आज रात्री ‘नुक्कड’चा एक भाग लावा. कोणाही एकाला धरा आणि भाग संपेपर्यंत सोडू नका. मग खाली कमेंटमध्ये लिहा. भूमिकेचं नाव नको, नटाचं पूर्ण नाव हवं.